जिम्नीची जिप्सी करताना रंग सगळ्यात शेवटी

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. तुम्ही खानापूरजवळ राहता. वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेत आणि नोकरीत त्यांच्या हाताखाली मारुती जिप्सी असायची. त्यांना तशीच छोटी गाडी करून द्यावी म्हणून तुम्ही हासेगावाचा १:२४ मापाचा सुझुकी जिम्नी जेए-११ हा किट (प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून करायची छोटी गाडी) मागवलात. बॉडी फ्रेमवरून, म्हणजे किटचे भाग जिला जोडलेले येतात त्या प्लॅस्टिकच्या चौकटीवरून, सुटी केली, भर जुलैत तिच्यावर ऑटो पेंटच्या दुकानातला हिरवा स्प्रे मारला. बॉनेट सुरकुतलं आणि छपरावर पांढुरका थर आला. आता विचारताय की बॉडी वाया गेली का, आणि कुठल्या कंपनीचा स्प्रे घेतला तर असं होणार नाही.

बॉडी अजिबात वाया गेलेली नाही. पण कुठला स्प्रे घ्यायचा हा तुमचा खरा प्रश्नच नाही. तुम्ही रंगवलीत ती अजून जिम्नी आहे. तिची जिप्सी करायची तर बॉडी मधून कापावी लागणार, वाढवावी लागणार, छप्पर उतरवावं लागणार, लांबी (पुट्टी) भरून घासावी लागणार. म्हणजे आत्ताचा रंग चांगला बसला असता तरी तो खरवडावाच लागला असता, आणि पांढरं पडलेलं छप्पर तर शेवटी कापूनच टाकायचं आहे. मी बेळगावच्या उद्यमबागेत पॅटर्न शॉपमध्ये काम केलं. ओतकामाचा पॅटर्न, म्हणजे ज्यावरून साचा घेतात तो नमुना, माप बरोबर आल्याशिवाय आणि लांबी घासून झाल्याशिवाय रंगाला जात नाही. छोट्या गाड्या करतानाही मी तोच क्रम ठेवतो. आधी माप, मग कापणं-जोडणं, मग लांबी, आणि रंग सगळ्यात शेवटी. पुढचं सगळं याच क्रमाने सांगतो, फक्त बॉडीवरचा रंग आधी उतरवू, कारण तो तसाच ठेवून काही जोडता येणार नाही.

बॉनेट आणि छपराचे आजार वेगळे आहेत. किटचं प्लॅस्टिक पॉलिस्टायरीन असतं. गाड्यांच्या पत्र्यासाठी केलेल्या स्प्रेमधलं थिनर जहाल असतं, आणि पॉलिस्टायरीन त्यात विरघळतं. बॉनेटवर रंग जाड बसला, थिनरला उडून जायला वेळ लागला आणि तेवढ्यात त्याने प्लॅस्टिक खाल्लं. नख फिरवून बघा, बारीक भेगा नखाला लागतील. छपरावर नख फिरवलं तर गुळगुळीत लागेल, नुसता ढग दिसेल. तो पावसाचा प्रताप. थिनर झपाट्याने उडतं तेव्हा पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतला ओलावा ओल्या रंगावर बसतो. खानापूरच्या पश्चिमेला, कणकुंबी-आमगावच्या बाजूला जुलैत हवा कशी असते हे मी तुम्हाला सांगायला नको. त्या हवेत कुठल्याही कंपनीचा लॅकर स्प्रे पांढरा पडू शकतो. एरवी नुसतं पांढरं पडलेलं असेल तर कोरड्या दिवशी वरून अगदी पातळ क्लिअर (बिनरंगी लॅकर) मारला की बहुतेक वेळा ढग निघून जातो. तुम्हाला त्याचीही गरज नाही.

रंग उतरवायला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. मोबाइल दुरुस्तीवाले बोर्ड पुसायला तेच वापरतात, त्यांना विचारलंत तर कुठे मिळतं ते सांगतील. आधी रिकाम्या फ्रेमचा तुकडा त्याच स्प्रेने रंगवून, वाळवून, अल्कोहोलमध्ये टाकून बघा. ऑटो लॅकरवर ते हळू चालतं, कधी नुसतं मऊ करतं. मग झाकणाच्या डब्यात बॉडी बुडवून ठेवायची, अधूनमधून जुन्या टूथब्रशने घासायचं. काचा आणि क्रोमचे भाग मात्र त्यात घालू नका, क्रोमचा थर सुटून येतो. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा आणि जवळपास गॅस पेटलेला नको. जुने लोक ब्रेक ऑइल वापरायचे. चालतं ते, पण हाताला वाईट आणि धुऊन काढणं अवघड, म्हणून मी ते सुचवत नाही.

रंग उतरला की बॉडी आठवडाभर तशीच ठेवा. थिनरने मऊ झालेलं प्लॅस्टिक लगेच घासलं तर पेपरखाली लोळतं आणि भेगा आणखी खोल होतात. कडक झाल्यावर ६०० नंबरचा वॉटर पेपर पाण्यातून मारा, मग १०००. ज्या भेगा उरतील त्या लांबीने भरतील.

आता जिप्सी. इथे पहिला प्रश्न वडिलांना विचारायचा, कारण सगळं त्यांच्या उत्तरावर आहे. त्यांची जिप्सी सुरुवातीची १ लिटर इंजिनाची होती की नंतरची १.३ लिटरची किंग? जिप्सी १९८५ साली आली तेव्हा तिच्या डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर अरुंद होतं, जवळपास जेए-११ एवढंच. पुढे १९९३ मध्ये ते वाढलं आणि जेए-११ पेक्षा सुमारे ११ सेंटीमीटरनी जास्त झालं. १:२४ मध्ये ते साडेचार मिलिमीटर होतात. कागदावर क्षुल्लक वाटतं, पण समोरून बघताना लगेच डोळ्यात भरतं. किंग किंवा १९९३ नंतरची १ लिटरची करायची असेल तर दोन्ही अ‍ॅक्सल वाढवावे लागतील आणि चाकांवरच्या कमानीही रुंद कराव्या लागतील. त्याआधीची जुनी जिप्सी असेल तर अ‍ॅक्सलना हात लावायची गरज नाही. पहिलंच मोठं काम आहे म्हणून मन जुन्या जिप्सीकडे ओढेल, पण वडिलांनी किंग चालवली असेल तर किंगच करा. त्यांना पहिल्या नजरेत कळेल.

दोन्ही जिप्सींमध्ये वाढणारी गोष्ट म्हणजे व्हीलबेस, पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर. जेए-११ चा २०३० मिलिमीटर, जिप्सीचा २३७५. फरक ३४५ मिलिमीटर, त्याला २४ ने भागलं की १४.४ मिलिमीटर. तुमचा पहिला कापाचा आकडा हा. वाढ कुठे आहे तेही नीट बघून घ्या. दरवाजा तोच आहे. वाढ सगळी दरवाजाची मागची कड आणि मागच्या चाकाची कमान यांच्यामध्ये. म्हणून काप तिथेच घ्यायचा, दुसरीकडे कुठेही नाही. शिवाय जिप्सीची एकूण लांबी चार मीटरच्या आसपास, म्हणजे छोट्या गाडीत १६७ मिलिमीटर. जेए-११ ३.३ मीटरच्या आतच, म्हणजे १३७ मिलिमीटर. १४.४ मिलिमीटर मध्ये घातल्यावरही पंधराएक मिलिमीटर उरतात. ते मागच्या चाकाच्या पलीकडे आणि बंपरांमध्ये जातात. हे ध्यानात न घेता नुसती मधली पट्टी घातली तर गाडी मागून छाटल्यासारखी दिसते, आणि असं का दिसतंय ते पटकन उमगत नाही.

या आकड्यांवर थांबू नका. खरी जिप्सी मोजा. आपल्या भागात जुन्या जिप्सी अजून आहेत, घाटात फिरणाऱ्यांकडे आहेत, एखाद्या गॅरेजात उभी असते. मालकाला विचारून टेपने मोजा: दरवाजाच्या मागच्या कडेपासून चाकाच्या कमानीपर्यंत, कमानीपासून मागच्या फळक्यापर्यंत, मागच्या फळक्याची उंची, बाकांची रुंदी, ग्रिल. समोरून, बाजूने, मागून फोटो काढा, शक्य तितकं लांबून आणि झूम करून. जवळून काढलेल्या फोटोत पुढचा भाग फुगतो आणि मग मापं चुकतात. मिलिटरीची गाडी मोजायला किंवा तिचे फोटो काढायला कँपच्या बाजूला मात्र जाऊ नका. नागरी जिप्सीवरून मापं घ्या, बाकीचं वडिलांकडून विचारा. सगळी मापं वहीत लिहून शेजारच्या रकान्यात २४ ने भागून ठेवा. काम करताना गणित करत बसू नये.

कापायला सुरुवात चेसिसपासून करा, बॉडीपासून नाही. शिडीसारखा सांगाडा आहे, दोन सरळ गर्डर. मधे कापून १४.४ मिलिमीटरचे तुकडे घालायचे आणि आतून दुसरी पट्टी चिकटवून सांधा मजबूत करायचा. ट्रान्सफर केसपासून (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) मागच्या अ‍ॅक्सलकडे जाणारा प्रोपेलर शाफ्टही तेवढाच वाढवायचा. चेसिस आधी का, तर ती एकदा काचेच्या तुकड्यावर सपाट बसली, गुण्याला बरोबर आली, की बॉडी वाढवताना तीच तुमचा साचा होते. बॉडी आधी वाढवली तर दोन्ही बाजू सारख्या आल्या की नाही हे कशावर ताडून बघणार?

साध्या हॅक्सॉ ब्लेडने कापू नका. ते जाड असतं, सांध्यातलं बरंच प्लॅस्टिक भुसा होऊन जातं आणि दात पातळ बॉडीत अडकतात. मॉडेलसाठीची पातळ रेझर सॉ घ्या. तिनेही थोडं जातंच, त्यामुळे फ्रेमच्या तुकड्यावर एक काप घेऊन व्हर्निअरने मोजा आणि जे काही जाईल ते १४.४ मध्ये मिळवा. कापायच्या रेषेवर आधी टेप लावा, टेपच्या कडेने चाकूची मागची बाजू दोन-तीनदा हलकेच ओढा, म्हणजे करवतीला वाट मिळते.

आणि छप्पर लगेच कापू नका. सॉफ्ट टॉप, म्हणजे ताडपत्रीच्या छपराच्या जिप्सीला पत्र्याचं छप्पर नको, हे खरं. पण बॉडीला चौकोनात धरून ठेवणारं तेच एक आहे. आधी छप्परासकट बॉडी मधून कापा, दोन्ही तुकडे चेसिसवर ठेवा, मधे पट्ट्या घाला, छपरातही घाला, पूर्ण वाळू द्या. आत मजला आणि आडवा फळका चिकटवून बाजू पक्क्या करा. मगच काचेच्या खालच्या रेषेवरून छप्पर उतरवा, विंडस्क्रीनची चौकट ठेवून. एका तरुणाने माझ्याकडे आणलेली बॉडी छप्पर आधी उतरवून मग कापलेली होती. दोन्ही बाजू आत झुकल्या होत्या. गरम पाण्यात धरून, पट्ट्या बांधून सरळ केली, पण मागच्या फळक्याची फट काही पूर्ण गेली नाही.

मधल्या पट्टीसाठी एचआयपीएस (पॉलिस्टायरीनचीच) शीट घ्या, १ मिलिमीटर जाडीची. आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांना मॉडेलचं सामान देणाऱ्या दुकानांत विचारा. सनबोर्ड नको, तो वेगळा. आयकार्डचं प्लॅस्टिक बऱ्याचदा पीव्हीसी असतं, ते किटच्या सिमेंटने (प्लॅस्टिक विरघळवून जोडणाऱ्या गोंदाने) जुळत नाही. शीट मिळालीच नाही तर दह्याच्या डब्यांच्या तळाशी बघा, त्रिकोणात ६ आकडा असेल तर ते पॉलिस्टायरीन. पातळ असतं, पण थरावर थर चिकटवता येतात. एकाच जातीचं प्लॅस्टिक असावं असा आग्रह धरतो, कारण पातळ सिमेंट सांध्यात केशवाहिनीसारखं शिरून दोन्ही बाजू विरघळवतं आणि वाळल्यावर तिथे एकसंध तुकडा तयार होतो. फेविक्विक फक्त वरवर धरतं. घासताना सांध्यावर दाब आला की तडकतं. काचेजवळ तर फेविक्विक वापरूच नका, त्याच्या वाफेने काच पांढरी होते.

सांधा भरताना मी पहिल्यांदा बाजारातली लांबी घेत नाही. फ्रेमचे बारीक तुकडे छोट्या काचेच्या बाटलीत पातळ सिमेंटमध्ये टाकून ठेवतो. दोन दिवसांत मधासारखं दाट होतं. ते किटचंच प्लॅस्टिक, त्यामुळे कडक झाल्यावर बॉडीसारखंच घासलं जातं, मऊ-कठीण फरक लागत नाही. पण ते सावकाश वाळतं आणि आकसतं, म्हणून सांध्यावर थोडं उंच भरून दोन आठवडे तरी हात लावायचा नाही. मोठ्या खळग्यांना मात्र गॅरेजवाले डेंटवर लावतात ती दोन भागांची पॉलिएस्टर लांबी उत्तम. ती रसायनाने कडक होते, थिनर उडण्यावर अवलंबून नसते, म्हणून फारशी आकसत नाही. ट्यूबमधली एनसी (नायट्रोसेल्युलोज) लांबी बारीक ओरखड्यांसाठी, तीही अगदी पातळ, कारण तिच्यातलं थिनर तुमच्या बॉनेटला जे झालं तेच पुन्हा करेल.

घासताना पेपर बोटावर धरू नका, छोट्या सपाट लाकडावर गुंडाळा. बोटाने घासलं की लांबीजवळ खड्डा पडतो, कारण लांबी प्लॅस्टिकपेक्षा लवकर झिजते. प्रायमर मारल्याशिवाय तो दिसत नाही, रंग मारल्यावर मात्र ठळक दिसतो. राखाडी प्रायमर मारायचा, दिवा तिरका धरून बघायचं, खड्डा दिसला की पुन्हा भरायचं. या फेऱ्या किती होतील ते तुमच्या सांध्यावर आहे. मला कंटाळा येतो तेव्हा मी काम बाजूला ठेवतो, पण प्रायमरखाली सांधा दिसत असताना रंगाकडे जात नाही.

ताडपत्रीच्या छपराला आधी धनुकली, म्हणजे ताडपत्री पेलणाऱ्या पाइपच्या कमानी लागतील. खऱ्या गाडीत पाइप साधारण इंचाचा धरला तर २४ ने भागून १ मिलिमीटर येतो, म्हणजे १ मिलिमीटरची पितळी तार बरोबर बसते. कागदावर धनुकलीचा आकार काढून तार त्यावर वाकवा, सगळ्या एकसारख्या येतात. त्यावर टिश्यू पेपर. पाण्यात पातळ केलेल्या फेविकॉलमध्ये भिजवून तारांवर अंथरा, ओला असतानाच तारांमध्ये किंचित झोल पडू द्या, कडा दोरीने ताणल्यासारख्या खाली ओढा. वाळला की दुसरा थर. ताडपत्रीचा शिवणीचा पट्टा दाखवायला टिश्यूचीच अरुंद पट्टी वर चिकटवायची. मला तर या कामात सगळ्यात आनंद इथे मिळतो. फेविकॉल वाळायला लागतो तसा टिश्यू ताणला जातो आणि समोर हळूहळू ताडपत्री दिसू लागते.

आतापर्यंतचा क्रम पुन्हा बघून घ्या: रंग उतरवणं, मोजणं, चेसिस, बॉडी, छप्पर उतरवणं, लांबी आणि प्रायमर, ताडपत्री. यातलं बरंचसं काम पावसाळ्यातही घरात बसून होतं. प्रायमर आणि रंग तेवढे ऑक्टोबरनंतर, दुपारच्या कोरड्या वेळेला. आधीच करायचं झालं तर हवेतला दमटपणा ७० टक्क्यांच्या खाली असेल तेव्हाच. स्वस्त हायग्रोमीटर घेऊन ठेवा, आपल्याकडे तो हवाच.

रंगासाठी पॉलिस्टायरीनला चालणारेच रंग घ्या. तामियाचे टीएस स्प्रे चालतात. त्याच कंपनीचे पीएस स्प्रे रिमोटच्या गाड्यांच्या पॉलिकार्बोनेट बॉडीसाठी असतात, ते इथे नकोत. एअरब्रश असेल तर एक्सएफ-५८ ऑलिव्ह ग्रीन घ्या. एक्सएफ-६२ ऑलिव्ह ड्रॅब तपकिरीकडे झुकतो, तो अमेरिकन गाड्यांचा. पण नंबरावर माझ्यापेक्षा वडिलांचा विश्वास धरा. दोन-तीन छटा फ्रेमच्या तुकड्यांवर मारून त्यांच्यासमोर ठेवा, ते बोट ठेवतील ती खरी. पहिला हात धुरळ्यासारखा, खालचं प्रायमर दिसत राहील एवढाच. तो सुकल्यावर दुसरा. २० ते २५ सेंटीमीटरवरून, बॉडीच्या बाहेर सुरू करून बाहेर थांबवायचा. थंड दिवसात डबा कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवला तर फवारा बारीक येतो. कोमट म्हणजे हाताला सोसेल असं. गरम पाण्यात किंवा गॅसजवळ डबा कधीही न्यायचा नाही.

नंबरपट्टीचं काम सोपं आहे, पण एक गोष्ट आधी कळायला हवी. मिलिटरीच्या नंबरात वर तोंड केलेला बाण असतो, त्याच्या जोडीला खरेदीच्या वर्षाचे दोन आकडे, मग अक्षर आणि क्रमांक. काळ्यावर पांढरी अक्षरं. साधा लेझर प्रिंटर पांढरा रंग छापत नाही, म्हणून पांढऱ्या डेकल कागदावर (छापून, पाण्यात भिजवून गाडीवर चिकटवायचा कागद) काळी पट्टी छापायची आणि अक्षरं मोकळी सोडायची. सध्याच्या एखाद्या खऱ्या गाडीचा नंबर टाकू नका. वडिलांना त्यांच्या जुन्या गाडीचा आठवत असेल तर तो, नाहीतर आकडे बदलून.

मग चिखल. तो लावायचा की नाही हे वडिलांनी गाडी कुठे चालवली त्यावर आहे. परेडची गाडी स्वच्छ असते. लावायचा असेल तर दारातली खानापूरची लाल माती सरळ लावू नका, तिचे कण या मापाला दगडांएवढे दिसतील. बाटलीभर पाण्यात माती ढवळा, अर्धं मिनिट थांबा, जड कण तळाला बसले की वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओता आणि ते सुकू द्या. तळाला पिठासारखी माती उरते. ती मॅट वार्निशमध्ये कालवून ब्रशने आधी चाकांच्या कमानींच्या आत आणि लीफ स्प्रिंगवर लावा, बाहेरच्या बाजूंवर फारच कमी, आणि दरवाजाच्या खालच्या कडेच्या वर जाऊ नका.